दोन बोटं माया

वसमतच्या मोंढ्यामागं माझं दुकान,
दहा बाय आठ, एक मशीन, एक आरसा
आणि ही वही, तेलाच्या बोटांनी मऊ झालेली.
अर्ध्या गावाच्या छात्या, दंड, कमरा हिच्यात आहेत.
बायका वय चोरतात. टेप चोरू देत नाही.

गंगासागर हळद शिजवायला जाते.
सुगी सरल्यावर आली, पोलक्याचा खांदा सावरत,
"दोन्हीकडून टिपा मारा, लई ढगळ व्हायलंय."
बाकावरची एक म्हणाली, "बारीक झालीस, नशीबवान गं."
मी वही काढली.
दिवाळीला चौतीस. आता एकतीस.
जेवतीस कधी?
"उरलं की."
टीप नाही मारली. पोलकं ठेवून घेतलं,
म्हणलं, आधी दवाखान्यात रक्त दाखव,
चिठ्ठी आण, मग कापडाचं बघू.
चिठ्ठीवर सात होतं.
तिची नखं कागदाच्याच रंगाची होती.

अयोध्याचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली,
"तीसचंच शिवा मावशी, होईन मी तेवढी."
होती तेहतीस,
सायकलवर कॉलेजला जाणारी, दंडात जोर असलेली तेहतीस.
सव्वा महिना काकडीवर काढला पोरीनं.
मी तीसचं शिवलं,
पण आतून दोन्ही कडांना दोन-दोन बोटं माया सोडली.
शिलाईच्या पोटात दडवलेल्या कापडाला
आमच्यात माया म्हणतात.
कुणी ठेवलं हे नाव, माहीत नाही,
शिंपीणच असणार.
हळदीच्या दिवशी तिची आई पळत आली, हुक लागंना.
उभ्या उभ्या टीप उसवली.
अयोध्यानं पोटभर श्वास घेतला
आणि पहिल्यांदा विचारलं, "जेवायला काय केलंय?"

वही चाळताना परवा दिसलं,
सगळ्यांची पानं आहेत, माझं नाही.
माझं मी अंदाजानं शिवते,
दर दिवाळीला जरासं सैल.
परकराची नाडी कमरेवर वळ उठवते, तो झाकून ठेवते.
वीस वर्षं बसून. चहा, मशीन, चहा,
रात्री दहाला भाकरी,
आणि पातेल्यातलं वाया जाऊ नये म्हणून आणखी एक.
मी कोणाला काय सांगायले?

दवाखान्यात नर्सबाईनं पोटाभोवती टेप लावला,
माझ्यासारखाच, पिवळा.
"पोट आत ओढू नका."
मला हसू फुटलं. हे वाक्य माझं आहे, बाई.
साखर उंबरठ्यावर आहे म्हणाली.
घरात शिरली नाही अजून.

आता बाराला दुकानाला कडी.
गरम भाकरी, मेथी, घट्ट वरण, आणि तव्यावरची पहिली माझी.
नवरा दोन दिवस ताटाकडं बघत राहिला, मग सवय झाली.
संध्याकाळी प्रयागबाईसोबत कॅनॉलच्या रस्त्यानं जाते.
ती गुडघ्यांना शिव्या देत चालते.
बारीक व्हायचंय का, लोक विचारतात.
नाही, जिना चढताना बोलता यावं एवढंच.

काल पान उघडलं. नाव लिहिलं.
कंबर : अडतीस.
पेन तसाच धरून बसले,
मग समोर, जिथं गिऱ्हाईकाची सूचना लिहिते तिथं,
लिहिलं : माया सोडणे.