भूमय्या मास्तरांचा हिसका

साखर पेठेतल्या कारखान्यात
भूमय्या चिट्याल मास्तर तुटलेला धागा जोडायचे,
गाठ दोन बोटांत धरून एक हिसका द्यायचे
आणि मान वर करून छताकडे बघायचे.
छतात काही नव्हतं. पत्रा, जळमटं,
चाळीसचा बल्ब.
मी तेरा वर्षांचा. मला वाटायचं, मानेचं दुखणं असेल.

एकदा लाईट गेली.
सगळे माग एकदम गप्प झाले,
आणि त्या शांततेत मास्तर म्हणाले,
"बसऱ्याला मी विमानं शिवायचो."

शिवय्या कोंडा म्हणाला,
"बटणं पुढून का मागून, मास्तर?"
सगळी पोरं हसली.

"हसा बे. लाकडाच्या फासळ्या असायच्या,
वर जवसाचं कापड,
आपल्या धोतराहून जाड, चादरीहून पातळ.
दर चार बोटांवर एक गाठ.
त्यावर खळ. आपली पिठाची नव्हे;
पिकल्या केळ्यांचा वास मारणारी, डोकं गरगरवणारी.
वाळली की टिचकी मारून बघायची.
हलगीसारखं वाजलं तर ठीक,
बद्द वाजलं तर पुन्हा खळ.

त्याच्यावर माणूस बसायचा.
एकोणीस वर्षांचा, मिसरूडसुद्धा धड नाही.
होटगीवरून कुर्डुवाडी दिसावी
एवढ्या उंचीवर, माझ्या कापडावर.
उडी मारायला छत्री नाही.
म्हणे छत्री दिली तर पोरं विमान लवकर सोडतील.
पेट्रोलची टाकी मांडीपाशी.
इंजिनात एरंडेल. हो, तेच,
नाक दाबून पाजतात ते!
सगळं तोंडावर उडायचं.
लढून उतरले की आधी
लोटा घेऊन पळायचे."

आता शिवय्याही हसला नाही.

"एकाचं नाव माझ्या जिभेला यायचं नाही.
मी त्याला वेंकन्ना म्हणायचो. तो ओ द्यायचा.
रोज पहाटे तंबूमागं जाऊन ओकायचा.
कुणाला दिसू नये म्हणून;
मला दिसायचं, मी तिथंच सुईत दोरा ओवत बसलेलो.
मग रुमालानं तोंड पुसायचा,
माझ्या शिवणीवरून एक बोट फिरवायचा,
आणि जायचा.
वाघाचं काळीज म्हणतात ना? सशाचं होतं, मी पाहिलंय.
पण तो ससा रोज पहाटे
आपल्याच पायांनी चालत जायचा.

परत आला की भोकं मोजायची.
एकदा एक्केचाळीस.
त्यातलं एक पाठीपासून दोन बोटांवर.
मी ठिगळं लावली. खळ नीट वाळलीही नव्हती,
तो ठिगळांसकट पुन्हा वर."

लाल बावट्याचा सिद्राल कोपऱ्यातून म्हणाला,
"पण मास्तर, तो त्यांचाच ना?
आपल्या उरावर बसलेल्यांचा?"

मास्तरांनी बराच वेळ बोटाला चिकटलेली कापसाची रुई काढली.
"त्यांचाच.
त्याला मटण, मला किडके चणे. विसरलो नाही.
तीस साली गावात मार्शल लॉ लागला,
टोपीपायी मीही काठ्या खाल्ल्या.
पण गाठ मारताना
कापड कुणाच्या अंगाखाली जाणार, ते हातांना कळत नाही रे.
हातांना फक्त गाठ कळते.

एका सोमवारी तो आला नाही.
संध्याकाळपर्यंत मी वाळूवर उभा, मान वर करून.
दुसऱ्या विमानवाल्यानं सांगितलं,
डावा पंख गेला.
कसा गेला, ते त्याला दिसलं नव्हतं.
गोळी लागली,
की माझी शिवण..."

लाईट आली.
अठरा माग एकदम सुरू झाले.
मास्तरांचे ओठ हलत राहिले,
पुढचं काहीच ऐकू आलं नाही.

त्या दिवशी शिवय्या कोंडानं
प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली.
टॉवेल अकरा कमी निघाले.
मालकानं त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली,
आणि का, म्हणून विचारलं तर
त्याला सांगता येईना.