सारखा वाटा

एकाच आजारानं गाठलं आम्हा दोघांना,
चार महिन्यांच्या अंतरानं.
आईकडून आला असेल, डॉक्टर म्हणाल्या.
आईकडचं बाकी सगळं लीलाधरकडे आहे:
विहीर, केळीचा मळा, पितळी घंगाळ.
माझ्याकडचं म्हणाल तर
रावेरच्या कचेरीत एका कागदावर
माझी सही आहे.

दर दुसऱ्या मंगळवारी सावद्याहून पहिली बस.
जळगावला, तिसऱ्या मजल्यावर,
सिस्टर वळवी काट्यावर उभं करतात.
तो अठ्ठावन्न, मीही अठ्ठावन्न.
उंचीत जेमतेम बोटाचा फरक.
त्या गुणतात, भागतात,
दोघांच्या नावापुढं एकच उत्तर.

पहिल्यांदा हसले होते मी.
साठीला टेकल्यावर
भावाइतका वाटा मिळाला,
तोही थेंबाथेंबानं मोजून.

तो घरी जातो, झोप काढतो,
संध्याकाळी शेवभाजी मागतो.
बोटांना मुंग्या येतात म्हणतो, झटकतो.
मी तीन दिवस बादलीपाशी.
तोंडात असे फोड
की स्वतःची लाळ ठेच्यासारखी लागते.
मे महिना, गल्लीत माठाभोवती सगळे,
आणि मी पाणी कोमट करून पिते.
गार तांब्याला हात लागला
तर बोटांत काचा भरतात.
वहिनी म्हणते, "बाईचा जीवच नाजूक."
नाजूक!
तिचा नवरा शाळेत होता तेव्हा
त्याच मळ्यातले घड वाहिलेत मी डोक्यावर.

तीस वर्षं अंगणवाडीत पोरं तोलली,
झोळीत घालून, काट्याला लटकवून.
मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा.
वजन तेच, रेघ वेगळी.
चुकीच्या तक्त्यावर टिंब पडलं
की सुपरवायझर बाई वही भिरकावायच्या.
मग एवढ्या मोठ्या दवाखान्यात
तक्ता एकच कसा?

विचारलं.
डॉक्टर फेगडेंनी पेन खाली ठेवलं.
"बायकांच्या अंगातून हे औषध सावकाश निघतं,
त्रास जास्त होतो, असं दिसलंय.
हिशेब मात्र अजून उंची-वजनाचाच."
मग म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगायचं ना."
सांगितलं होतं.
फॉर्मवर "मळमळ: आहे" एवढीच जागा होती.

परतताना लीलाधर गप्प.
बामणोद मागं पडल्यावर म्हणाला,
"कायी जमीन पानी धरून ठेवते, कोकी.
मुरूम सोडून देतो.
दोघांले सारखं पानी सोडलं
तं कायीतलं पीक सडते.
तुही जमीन कायी आहे.
मले हे कयाले पाहिजे होतं."
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
"तुही जमीन" असं तो
जन्मात पहिल्यांदा म्हणाला.

पुढच्या खेपेला माझ्या पिशवीवर आकडा वेगळा.
पाचवा हिस्सा कमी.
"कमी पडनार नई ना इले?"
त्यानं सिस्टरला दोनदा विचारलं.
कमी घ्यायची सवय आहे मला.
या वेळी मात्र मागून घेतलं,
आणि सही करण्याआधी
चष्मा लावून कागद वाचला, शेवटपर्यंत.

संध्याकाळी त्यानं मळ्यातली फणी आणली.
एक केळं चमच्यानं कुस्करलं.
अर्धं गेलं.
तोंड पोळलं, पण थोडंच.