पान एकतीस

सुगंधा गिरपचं पहिलं नाटक
बर्फाच्या पावत्यांच्या पाठीवर लिहिलेलं.
वडील बंदरावरच्या बर्फ फॅक्टरीत कारकून,
त्यामुळे पुढून ट्रॉलरांची नावं, लाद्यांचा हिशेब,
आणि मागून माणसं भांडतायत.
वेंगुर्ल्याच्या दमट हवेत शाई फुटायची;
टॉर्च धरून विंगेत ते वाचणारा मी.
दिवसा सायकलचं दुकान, रात्री प्रॉम्प्टर.

पान तीसच्या तळाशी तिनं लिहिलेलं:
कुणी काही बोलत नाही. बाप पाणी पितो.
आणि पान एकतीस कोरं.
वर फक्त आकडा.
तालमीत मी गडबडलो, पावती उलटली,
पुढची बाजू कुजबुजलो:
"जय सातेरी, बारा लाद्या, उधार."
बाबल रेडकरनं तेही ठणठणीत म्हटलं.
सुगंधा हसली नाही.
"दिगूदा," म्हणाली, "थंय काय सांगू नको. थंय काय नाय."

प्रयोगाला बाबलचं पाणी संपलं.
त्यानं माझ्याकडे बघितलं.
मी पान दाखवलं त्याला. कोरं.
तांब्या हातात, कपाळावर घाम, रंग ओघळतोय,
आणि समोर चारशे माणसं, एक खुर्ची करकरत नाही.
मागे पुळणीवर लाट फुटली.
जन्म इथं गेला माझा,
ती लाट मी त्या रात्री ऐकली.

सावंतवाडीत परीक्षक म्हणाले,
लेखिकेला संवाद सुचत नसावेत.
तिसरं बक्षीस, स्टीलचा डबा.
त्यात मी व्हॉल्व्ह ठेवतो.

मग ती मुंबईला.
दोन अंकी नाटक, अकरा प्रयोग,
शेवटच्याला एकोणीस माणसं, त्यांतली सहा गिरपांची.
मग मालिका.
बायको रोज बघायची, मी दुकानातून ऐकायचो,
नऊशे भाग.
एकदाही कुणी गप्प बसलं नाही.
दारसुद्धा तीन तीनदा वाजायचं.
घर घेतलं तिनं त्यावर, आईचे डोळे केले,
मी कोण नावं ठेवणारा?

एका रात्री फोन. अडीच वाजलेले.
"भरती संपता नि सुकती लागता,
त्याच्या मधी पाणी उभा रवता मा,
त्येका आपल्यात काय म्हणतत?"
माका काय ठावक. मी सायकलवाला.
सकाळी बंदरावर जाऊन पांडू खवणेकराला विचारलं.
जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला,
"त्येका नाव कित्याक व्हया?
तेवा गप रवाचा."
तसंच कळवलं तिला.
पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, रेंज गेली.

चित्रपट मी कुडाळला बघितला, दुपारचा खेळ.
होड्या भलत्याच रंगाच्या,
पटकथेला तीन नावं, तिचं तिसरं, तेही चुकलेलं: गिरीप.
मध्यंतरानंतर एक बाई चुलीपुढे बसते,
दारात पोलीसपाटील, एक शब्द बोलत नाही.
घरातला म्हातारा पाणी पितो.
पितो. पितच राहतो.
मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज गेलो रे!"
शिट्ट्या.
माझा हात खिशात गेला, टॉर्चसाठी,
खिशात होत्या दुकानाच्या किल्ल्या.

गेल्या मे महिन्यात आली होती.
गाडीच्या मागच्या सीटवर पुरस्कार,
टॉवेलात गुंडाळलेला, खडखडू नये म्हणून.
मुंबईच्या कुठल्याशा संग्रहाला पहिली संहिता हवी होती.
"आसत काय रे पावत्यो?"
होत्या. मोठ्या ट्यूबच्या खोक्यात, कापूर घालून.
दिल्या. तिनं मोजल्या नाहीत,
फक्त गठ्ठ्याची कड अंगठ्यानं चाळली,
मधे कुठंतरी थांबली,
माझ्याकडे बघितलं,
मी चाकाच्या तारा आवळत होतो.

कोकम सरबत प्याली. गेली.

माझ्या गल्ल्यात, नोटांच्या खाली,
जय सातेरी, बारा लाद्या, उधार.