माया

शिंदेवाडीपाशी, एकशे चौऱ्याऐंशीव्या किलोमीटरला
उजव्या पोटरीत गोळा आला.
आला म्हणजे, आतून कुणी
सुटा दोरा धरून खसकन ओढला
आणि सगळं कापड चुण्या होऊन
एका मुठीत.

सायकल कठड्याला धड टेकवलीही नाही.
पाय सरळ होईना, वाकेना.
समोर कात्रजचा जुना घाट, त्यापलीकडे पुणे,
पुण्यात रास्ता पेठ, पेठेत माझं बंद शटर.

एकतीस वर्षं पायमशीन चालवली या पायांनी.
हिशेब केला तर दिल्लीला जाऊन आले असतील, बसल्या जागी.
म्हणून हसलो होतो,
हवोवी म्हणाली तेव्हा,
‘खटावकर, अंतर हळूहळू वाढवा.
तीन आठवडे चढवलं की एक आठवडा उतरवा.
आणि पायरीवर उभं राहून टाचा उचलायच्या. रोज.’
उचलल्या चार दिवस.
मग लग्नसराई. सव्वीस ब्लाऊज, सात शेरवान्या,
आणि एका नवऱ्या मुलाचं पोट दर आठवड्याला वेगळं.

आज सकाळी खंबाटकीत
कोण तो हिंजवडीचा पोरगा शीळ घालत पुढे गेला
तर मीही जड गिअर टाकला.
बावन्नाव्या वर्षी!

टपरी आवरता आवरता बाई म्हणाली, ‘वांब आली व्हय?’
आणि वाटीत लिंबाच्या लोणच्याचा खार दिला.
‘आमचं पोरगं तालमीत जातं, त्याला ह्येच.’
घशाखाली आग उतरली,
पोटात पोचायच्या आधीच मूठ सैल.
हे कसं, ते हवोवीला विचारायचंय.

गिऱ्हाइकाला मीच सांगतो ना,
आत दोन बोटं माया सोडलीय,
अंग भरलं तर उसवून घ्या.
काठोकाठ बेतलेलं
पहिल्या वाकण्यात जातं.
सांगतो, आणि पैसे मोजून घेतो.

एक तास दहा मिनिटं शिल्लक. सोळा किलोमीटर.
बनियनवर मिठाचे नकाशे.
सगळ्यात हलका गिअर, टाच खाली,
पोटरीशी पुटपुटत,
जाड सुती दोरा बारीक सुईत जाईना की पुटपुटतो तसं.
दुसऱ्या वळणावर ती आत हलली.
उतरलो. थोपटलं. चाललो थोडं. पुन्हा बसलो.

माथ्यावर पायडल थांबवले.
खाली दिवे लागत होते,
कुणी घाईत धावदोरा घालावा तसे,
मधेच एक टाका सुटलेला,
मग पुढे.