कुरकुर

मी फुगे फोडायला आलो होतो.
हसू नका, हाच माझा धंदा आहे:
रिकाम्या सभागृहात एक लाल फुगा, टाचणी,
आणि आवाज मरायला किती वेळ घेतो त्याची नोंद.

तार्तूतल्या रसायनशास्त्राच्या जुन्या व्याख्यानगृहात
तो दोन पूर्णांक चार सेकंद जगला.
छतापर्यंत गेला, उंच काचांना शिवला,
बाकांच्या पायऱ्या एकेक करून उतरला
आणि माझ्या बुटांपाशी येऊन निजला.
मंजूर मर्यादा: शून्य पूर्णांक आठ.

भिंतींना कान असतात म्हणतात.
इथल्या भिंतींना तोंडही होतं.

बाहेर बर्फ वितळत होता.
लेइदाबाई, एकेचाळीस वर्षं इथली चंचुपात्रं धुतलेल्या,
कोट न काढता दारातच उभ्या.
म्हणाल्या, आमचे प्राध्यापक एक वाक्य बोलून थांबायचे,
ते परत येईपर्यंत.
परत आलेलं कधी कधी त्यांनाच पटायचं नाही.
मग फळा पुसायचे.

हे मी अहवालाच्या कुठल्या रकान्यात लिहू?

मे ते ऑक्टोबर.
भिंतींवर राखाडी लोकरीचे तक्ते चढले,
प्रत्येक बाकाला दोन प्लग,
चाकाच्या खुर्चीसाठी उतार
(तो हवाच होता, शंभर वर्षं उशिरा आला),
फळ्याच्या जागी पडदा.
ॲसिडने खाल्लेलं टेबल तेवढं ठेवलं, काचेखाली,
जणू त्याचंच काही चुकलं होतं.

हेल्दुर सुतार गुडघ्यांवर रांगत वर वर सरकला
एकेका फळीची कुरकुर मिटवत.
पूर्वी तास चालू असताना कुणी उठलं
की बाक चहाडी करायचं,
दोनशे माना वळायच्या.
"त्या भीतीनं मी अख्खा एक हिवाळा
सेंद्रिय रसायन ऐकलंय," तो म्हणाला.
"शिरलो होतो नुसता ऊब घ्यायला."

शेवटचा फुगा. फट्.
आणि मागे काहीच नाही.
म्हणजे काम चोख झालं.
लेइदाबाईंनी एकदा टाळी वाजवून पाहिली,
मग स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं,
आणि हातमोजे चढवले.

निघताना दिसलं, हेल्दुर सातव्या रांगेत वाकलेला.
एक स्क्रू त्यानं अर्धाच पिळला,
पेचकस खिशात टाकला,
माझ्याकडे पाहिलं.

माझं यंत्र तेव्हा पेटीत होतं.
निदान अहवालात तरी तसंच आहे.