दाराएवढी फट

पहाटेचे तीन. पाळी माझी.
जहाजाच्या पोटातून एक टिचकी सुटते,
तीन हजार मीटर काळोख उतरून
तळाला टेकते, परत येते.
चार सेकंद.
तेवढ्यात आन्सेल्मू कॉफीत साखर ढवळतो
आणि पडद्यावर समुद्रतळाची एक ओळ उमटते.

माझं काम निवडण्याचं.
हेलकाव्यांनी उठवलेले खोटे सुळके,
मध्येच आडवा आलेला माशांचा थवा,
ज्यांच्यावर विश्वास बसत नाही ते ठिपके
एकेक करून पुसायचे,
तांदळातले खडे वेचावेत तसे.
उरेल त्याला नकाशा म्हणायचं.

आज खचदरीच्या मधोमध आहोत.
पूर्वेला फायाल, माझं बेट.
पश्चिमेला फ्लोरेस, इदालिनाचं.
शाळेच्या नकाशात दोन्ही एकाच रंगाची.
इथून, खालून पाहिलं तर
ती अमेरिकेबरोबर निघालेली,
मी इकडे राहिलेली.
वर्षाला सव्वादोन सेंटिमीटर.

आईचं घर विकलं त्याला एकतीस वर्षं झाली.
इदालिनाला विकायचं नव्हतं.
मी सही केली, ती बोटीत बसली,
पुढे नाताळची कार्डंही थांबली.
परवा बसल्या बसल्या हिशेब केला, सवयीनं:
एकतीस गुणिले सव्वादोन.
सत्तर सेंटिमीटर.
आईच्या स्वयंपाकघराचं दार तेवढंच रुंद होतं,
मक्याचं पोतं आडवं धरलं की अडायचं.

जमीन फाटते, असं बाई शिकवायच्या.
ते अर्धंच.
फट रिकामी राहत नाही.
खालून तापलेला दगड चढतो,
गार पाण्यात त्यावर लगेच काळी साय धरते,
साय तडकते, आतून पुढची उशी फुगते,
उशीवर उशी, उशीवर उशी,
कुणीच झोपायला येणार नाही
असं अंथरूण.

सव्वाचारला एक टेंगूळ दिसलं.
साठ मीटर उंच, गोल, माथ्यावर खळगा.
सहा वर्षांपूर्वीच्या नकाशात इथे सपाट आहे.
बोट पुसायला गेलंच होतं.
कप्तानाला उठवलं, शिव्या खाल्ल्या,
जहाज वळवून उलट्या बाजूनं गेलो,
मग तिरकं.
दर वेळी ते होतं तिथेच.
नोंदवहीत लिहिलं: शंकू, नवा, नाव नाही.

रविवारी उपग्रहाच्या फोनवर प्रत्येकाला दहा मिनिटं.
माझी मी आन्सेल्मूला देते, त्याला तीन मुलं.
या रविवारी दिली नाहीत.
त्यानं काही विचारलं नाही,
नुसता कप उचलून बाहेर गेला.

बराच वेळ घंटी वाजत राहिली.
मग मागे गाय हंबरली, आणि
"कोण?"
तोच आवाज, जरा जाडावलेला.
मी नाव सांगितलं. देओलिंदा.
वर जायला, खाली यायला वेळ लागतो,
हे मला माहीत आहे, माझा धंदाच तो.

चार सेकंद.
पाच.