सावलीची वर्गणी

आमच्या बेल्लूनोत वाइनच्या लहान पेल्याला
'ओंब्रा' म्हणतात. ओंब्रा म्हणजे सावली.
का, ते मला विचारू नका; मी फक्त विकते.
दीड युरो. उधारी शनिवारपर्यंत.

ओतोरीनो दे बोना, निवृत्त सर्व्हेअर,
दुसरी सावली विकतो.
भिंतीवरच्या सूर्यघड्याळांचं त्रैमासिक, इंटरनेटवर,
गेली सतरा वर्षं, एकटाच:
कुठल्या मठात काटा वाकलाय,
कुठे रंगाऱ्याने चारचा आकडा पुसून
वर पिवळा डिस्टेंपर मारलाय,
नोव्हेंबरात सूर्य घड्याळाच्या
सोळा मिनिटं पुढे का पळतो.
वाचक दोनशे चौदा.
पैसे देणारे एकोणीस. त्यात मी एक,
आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

बिल मात्र वेळेवर येतं.
ढग असोत, रात्र असो,
सर्व्हरचं बिल सूर्यावर चालत नाही.

एकदा जाहिराती लावून पाहिल्या.
त्या यंत्राने शेजारी काय आणून बसवावं?
मनगटी घड्याळं. स्विस.
महिन्याची कमाई एकेचाळीस सेंट.
तो हसला. मग हसला नाही.

महिन्याला एका ओंब्राची किंमत द्या, अशी विनंती छापली.
चिलीहून एका बाईने तीन युरो पाठवले,
दोन बँकेने खाल्ले.
बाकीच्यांनी लांबलचक, प्रेमळ पत्रं लिहिली.
त्यांतले तिघे माझेच गिऱ्हाईक;
एका संध्याकाळी चार सावल्या रिचवतात,
पाचवी दुसऱ्याच्या नावावर.

मार्चमध्ये चौकातल्या फार्मसीच्या लोरेदानाने
वर्षाला तीनशे देऊ केले.
दुकानावरच्या सज्ज्याला नवं कापडी छत येणार होतं,
त्याबद्दल दोन बऱ्या ओळी, एवढंच.
हा टेप घेऊन गेला, शिडीवर चढला,
औषधाच्या पावतीमागे कोन काढला:
अकरा ते तीन, छताची सावली
खालच्या भिंतीवरच्या तबकडीवर. नेमकी.
'सावलीवर सावली पडली की वेळ उरत नाही,' म्हणाला,
आणि शिडी परत करून आला.

पदरमोड म्हणावी, तर त्याला पदर नाही,
एक तपकिरी कोट आहे. त्याचाच खिसा मोडतोय.
बायको असती तर बोलली असती.
मुलगी त्रेवीझोहून फोनवर बोलतेच.

बावीस तारखेपासून तो माझ्याकडे पाणी मागतो.
डॉक्टरने सांगितलंय, म्हणतो.
त्याचा डॉक्टर इथेच पितो; मी विचारलं.
मग रुमालाच्या कागदावर मांडलं:
रोजची एक सावली, गुणिले तीस.
पंचेचाळीस. बिलाएवढं.

आज मी पाण्याच्या पेल्यात
पांढरी वाइन ओतून समोर ठेवली, काही न बोलता.
त्याने पेला खिडकीशी धरला,
काउंटरच्या जस्तावर एक फिकट ठिपका सरकला,
तो कुठवर जातो ते बघत राहिला,
बराच वेळ. मग प्यायला.

रात्री हिशेबाच्या वहीत लिहिलं:
पेला, एक. फुटला.